सुबाथूच्या डोंगरातला व्हेल

चंदीगडपासून सर्वांत जवळचा समुद्र हजार किलोमीटरहून लांब आहे. तरीही व्हेल समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात या शहरापासून करावी असे मी आग्रहाने म्हणेन. व्हेलविषयी आपल्याकडे ठरावीक प्रश्न विचारले जातात. तो मासा आहे का? पाण्यात राहूनही त्याला श्वासासाठी वर का यावे लागते? किनाऱ्यावर हवा भरपूर असते, मग तो तिथे का मरतो? या प्रश्नांची उत्तरे एकेक करून दिली की ती नुसती चमत्कारिक माहिती होऊन बसतात. त्यांच्यामागची हकीकत मात्र एकच आहे. व्हेल हा जमिनीवर चार पायांनी चालणाऱ्या प्राण्याचा वंशज आहे आणि पाण्यात जाऊन कोट्यवधी वर्षे लोटली तरी त्याचे शरीर ती जमीन पुरती विसरलेले नाही. या हकीकतीची सुरुवातीची पाने भारत आणि पाकिस्तानच्या खडकांत सापडली, आणि त्यांतले एक फार महत्त्वाचे पान चंदीगडहून दिसणाऱ्या डोंगरांत होते.

व्हेल मासा आहे का?

नाही. आपण त्याला देवमासा म्हणतो, पण तो सस्तन प्राणी आहे. त्याचे रक्त उष्ण असते, तो फुप्फुसांनी श्वास घेतो, मादी पिलाला जन्म देते आणि दूध पाजते. निळ्या व्हेलचे पिल्लू जन्मतःच सात मीटरच्या आसपास लांब असते आणि आईच्या दाट, स्निग्ध दुधावर त्याचे वजन दिवसाला 90 किलोपर्यंत वाढते.

किनाऱ्यावर उभे राहून नुसत्या शेपटीवरूनही फरक ओळखता येतो. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. व्हेलची आणि डॉल्फिनची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. भरधाव पळणारा कुत्रा किंवा घोडा पाहा. त्याचा कणा वर-खाली वाकतो, कारण सस्तन प्राण्यांच्या कण्याची घडणच तशी आहे. पाण्यात गेल्यावर व्हेलने नवी चाल शिकली नाही, जमिनीवरचीच चाल तो पाण्यात वापरतो.

डोंगरात व्हेल आला कुठून?

चंदीगडहून काल्का, परवाणू, धरमपूर असे वर चढत गेले की सोलन जिल्ह्यातले सुबाथू हे लष्करी छावणीचे गाव लागते. गुरखा सैनिकांच्या प्रशिक्षण केंद्रामुळे ते ओळखले जाते. भूशास्त्रज्ञांना मात्र हे नाव दुसऱ्याच कारणाने पाठ असते. इथल्या खडकांच्या थरांना सुबाथू याच नावाने ओळखतात आणि हे थर समुद्राच्या तळाशी साचलेले आहेत. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला भिडत होता, तेव्हा दोहोंच्या मध्ये टेथिस समुद्र होता. तो आक्रसत गेला आणि त्याच्या तळाचा गाळ पुढे हिमालयाच्या उठावाबरोबर वर उचलला गेला. म्हणून सुबाथूच्या हिरवट-करड्या, भुसभुशीत खडकात कालवांच्या शिंपा मिळतात आणि न्युम्युलाइट नावाच्या एकपेशीय समुद्री जीवांची चपटी गोल कवचेही मिळतात.

याच थरांत, कुठार नाल्याच्या परिसरात, जीवाश्म-अभ्यासक सुनील बाजपेयी यांना खालच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. डाव्या बाजूचा, त्यात दोन दाढा. एवढेच. बाजपेयी आणि अमेरिकेतले फिलिप जिंजरिच यांनी 1998 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि प्राण्याचे नाव ठेवले हिमालयासिटस सुबाथुएन्सिस. वय काढले सुमारे 5 कोटी 35 लाख वर्षे. तोवर माहीत असलेल्या सर्वांत जुन्या व्हेलपेक्षा हा सुमारे 35 लाख वर्षांनी जुना ठरत होता. या वयाविषयी पुढे तज्ज्ञांत मतभेद झाले. पण हा अगदी सुरुवातीच्या व्हेलांपैकी एक आहे, याबद्दल वाद नाही.

एवढ्याशा तुकड्यातून काय काय कळते ते थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. गोड्या पाण्यातल्या आणि समुद्राच्या पाण्यातल्या ऑक्सिजनच्या जड-हलक्या अणूंचे प्रमाण वेगळे असते. प्राणी जे पाणी पितो, जे खातो, त्याची नोंद त्याच्या दातांच्या एनॅमलमध्ये राहते. हिमालयासिटसच्या दातातले प्रमाण गोड्या पाण्यातले प्राचीन व्हेल आणि समुद्रातले व्हेल यांच्या मधले निघाले. म्हणजे हा प्राणी समुद्रात भक्ष्य शोधत होता, पण गोड्या पाण्याशी त्याचे नाते अजून तुटले नव्हते. जबड्यातून आरपार जाणारी नळीही अरुंद होती, जमिनीवरच्या प्राण्यांसारखी. या नळीला इतके महत्त्व का, ते पुढे येईलच.

मग चंदीगडचा यात वाटा काय?

या संशोधनातले मोठे नाव म्हणजे प्रा. अशोक साहनी. लखनौ विद्यापीठात असताना त्यांनी व्ही. पी. मिश्रा यांच्यासह कच्छमधल्या व्हेलच्या जीवाश्मांवर 1972 आणि 1975 मध्ये लेखन केले आणि भारतातल्या प्राचीन व्हेलांचा पद्धतशीर अभ्यास तिथून उभा राहिला. 1979 मध्ये साहनी चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात आले. सेक्टर 14 मधल्या भूशास्त्र विभागात त्यांच्या हाताखाली पृष्ठवंशीय जीवाश्मांचे अभ्यासक घडत गेले आणि देशभरच्या संस्थांत पसरले. सुनील बाजपेयी यांचेही शिक्षण याच विद्यापीठातले. पुढे ते रुडकीला गेले.

कच्छमधल्या व्हेलांपैकी एकाचे नाव आहे रेमिंग्टनोसिटस हरुदिएन्सिस. त्यातला 'हरुदी' म्हणजे कच्छमधले एक गाव. किशोर कुमार आणि साहनी यांनी 1986 मध्ये या गटाची नीट मांडणी केली. 4 ते साडेचार कोटी वर्षांपूर्वीचे हे व्हेल आजच्या व्हेलसारखे अजिबात दिसत नव्हते. मुस्कट लांबलचक, डोळे बारीक, पाय आखूड. गढूळ, उथळ खाडीत भक्ष्य धरणारे प्राणी. 2000 मध्ये बाजपेयी आणि जीवाश्म-अभ्यासक हान्स थेविसन यांनी वर्णन केलेला कच्छिसिटस तर आकाराने छोटा होता आणि त्याची शेपटी पाणमांजरासारखी लांब होती.

डायनासोरच्या हाडांबद्दल आपल्याकडे शाळकरी मुलालाही कुतूहल असते. व्हेलचा उगम आपल्या उपखंडात झाला, ही गोष्ट मात्र पदवीधरांनाही ठाऊक नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. पाकिस्तानात 1981 मध्ये जाहीर झालेला पाकिसिटस, तिथलाच 1994 मधला अँब्युलोसिटस, सुबाथूचा हिमालयासिटस आणि कच्छचे सगळे गणगोत ओळीने मांडले, तर जमीन ते समुद्र हा प्रवास टप्प्याटप्प्याने दिसतो. उत्क्रांतीचा इतका सलग पुरावा फार थोड्या प्राण्यांच्या बाबतीत हाती आला आहे. सुबाथूचे थर आज रस्ते रुंद करताना, इमारतींचे पाये खणताना कापले जातात. भूवारसा जपण्यासाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये विधेयकाचा मसुदा काढला. अशा जागांना कायद्याचे कुंपण मिळायलाच हवे, कारण फुटलेला जबडा पुन्हा तयार होत नाही.

पाण्यात उतरण्याआधी तो कसा होता?

याचे उत्तर डेहराडूनमधल्या दगडांच्या साठ्यातून आले. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळून जीवाश्म असलेले खडक गोळा केले होते. त्यांतल्या एका प्राण्याला त्यांनी 1971 मध्ये इंडोहायस हे नाव दिले. उरलेले बरेचसे दगड न फोडताच राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर पत्नीने ते सांभाळले आणि पुढे थेविसन यांच्या स्वाधीन केले. प्रयोगशाळेत एक कवटी साफ करताना तिचा कानाजवळचा भाग चुकून तुटला आणि आतले हाड उघडे पडले. त्या हाडाची एक कड जाडजूड होती. ही जाड कड व्हेल, डॉल्फिन यांच्याच कानात असते. 2007 मध्ये थेविसन, बाजपेयी, बी. एन. तिवारी आणि सहकाऱ्यांनी हा शोध 'नेचर'मध्ये जाहीर केला.

इंडोहायस मांजराएवढा, बारीक पायांचा, खुरांचा प्राणी होता. सह्याद्रीच्या जंगलात पिसोरी पाहिलेल्यांना त्याची कल्पना चटकन येईल. पण त्याची हाडे आतून भरीव आणि जड होती, पाणघोड्याच्या हाडांसारखी. पाण्यात पाय रोवून राहायचे तर वजन कामी येते. आफ्रिकेतला पिसोरीचा एक भाईबंद आजही शिकारी दिसताच पाण्यात उडी घेऊन लपतो. व्हेलच्या पूर्वजांनीही आधी बचावासाठी पाणी जवळ केले असावे आणि अन्नासाठी पुढे, असा अंदाज यावरून बांधला जातो.

इथे एक शंका हमखास निघते. इंडोहायस 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा आणि हिमालयासिटस त्याहून जुना, मग इंडोहायस पूर्वज कसा? तो थेट पूर्वज नव्हेच. तो व्हेलच्या भावकीतला आहे. मूळ घराण्याच्या दोन शाखा झाल्या, एक पाण्यात गेली आणि दुसरी जुन्या वळणाने काही काळ टिकली.

व्हेलचे घराणे कोणते, याचा निकाल घोट्याच्या हाडाने लावला. गाय, हरीण, उंट, डुक्कर या समखुरी प्राण्यांच्या घोट्यात दोन्ही टोकांना कप्पीसारखी खोबण असलेले हाड असते आणि ते दुसऱ्या कुठल्याही गटात नसते. 2001 मध्ये पाकिस्तानातल्या प्राचीन व्हेलांच्या सांगाड्यांत नेमके तेच हाड मिळाले. जनुकांच्या अभ्यासातून पाणघोडा हा व्हेलचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक असल्याचे आधीच दिसू लागले होते, आता हाडांनीही त्याला साथ दिली.

पाण्याखाली त्याला ऐकू कसे येते?

आपण पाण्यात डोके बुडवले की आवाज कोणत्या बाजूने आला ते कळत नाही, कारण तो साऱ्या कवटीतून एकाच वेळी दोन्ही कानांत पोचतो. डॉल्फिन आणि दातांच्या व्हेलांत आवाज खालच्या जबड्यातून जातो. जबड्याच्या मागच्या भागातल्या रुंद पोकळीत चरबीची गादी असते, ती ध्वनी थेट कानाच्या हाडापर्यंत नेते, आणि ते हाड कवटीपासून सुटे झालेले असते. हिमालयासिटसच्या जबड्यातल्या अरुंद नळीचे महत्त्व इथे आहे. पाकिसिटसमध्येही ती अरुंदच होती, अँब्युलोसिटसमध्ये रुंदावली आणि कच्छच्या रेमिंग्टनोसिटसमध्ये आणखी मोठी झाली. कान पाण्यासाठी कसा घडत गेला ते या तीन-चार जबड्यांवरून मोजपट्टी लावून दाखवता येते.

फवारा, बुडी आणि झोप

व्हेल डोक्यातून पाणी उडवतो असे चित्रांत दिसते. तो असतो उच्छ्वास. उष्ण, दमट हवा जोराने बाहेर पडली की तिची वाफ थिजते आणि नाकपुडीवरचे थोडे पाणीही उडते. पाकिसिटसचे नाक मुस्कटाच्या टोकाला होते. पुढच्या पिढ्यांत ते मागे सरकत डोक्यावर आले.

एका श्वासात व्हेलच्या फुप्फुसातली 80 टक्क्यांहून अधिक हवा बदलते, आपली जेमतेम 10 ते 15 टक्के. शिवाय त्याच्या स्नायूंत ऑक्सिजन साठवणारे मायोग्लोबिन भरपूर असते. क्युव्हिअरचा चोचवाला व्हेल जवळजवळ 3 किलोमीटर खोल गेल्याची आणि एकदा तर 222 मिनिटे पाण्याखाली राहिल्याची नोंद आहे. डॉल्फिन झोपतात तेव्हा मेंदूचा एकच अर्धा भाग विसावतो, दुसरा श्वासाकडे लक्ष ठेवतो. हवा घेणाऱ्या प्राण्याला समुद्रात बेसावध झोप परवडत नाही.

अरबी समुद्रात व्हेल आहेत का?

आहेत, आणि कोकणच्या समोरही. ब्राइड्स व्हेल, निळा व्हेल, स्पर्म व्हेल आणि हम्पबॅक यांच्या नोंदी आहेत. त्यांतला अरबी समुद्राचा हम्पबॅक जगावेगळा आहे. इतर हम्पबॅक दरवर्षी ध्रुवांकडे चरायला जातात आणि पिलांसाठी उष्ण पाण्यात येतात. हा मात्र बारमाही इथेच राहतो, कारण मॉन्सूनच्या वाऱ्यांनी खोलवरचे पोषक पाणी वर येते आणि अन्न दाराशीच मिळते. ओमानच्या किनाऱ्यावर यांची संख्या शंभराच्या आत आहे असा अंदाज आहे. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये ओमानजवळ उपग्रहाचे यंत्र लावलेली 'लुबान' नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या समोर आली आणि पुढे कन्याकुमारीकडे गेली. एवढ्या थोड्या उरलेल्या व्हेलांना दोन्ही किनारे लागतात, हे त्या प्रवासाने दाखवले. 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात 240 च्या आसपास हम्पबॅक मारले होते. तो घाव अजून भरलेला नाही.

व्हेल शार्क, डुगाँग, कासव

व्हेल शार्क हा मासाच आहे. कल्ल्यांनी श्वास घेतो, शेपटी उभी असते. नावातला 'व्हेल' केवळ आकारामुळे आला. जगातला हा सर्वांत मोठा मासा बारीक प्लवकांवर जगतो आणि 2001 पासून भारतात त्याला पूर्ण कायदेशीर संरक्षण आहे. महाराष्ट्रात अशा संरक्षित प्राण्याला जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला जाळ्याची भरपाई देण्याची योजना 2018 च्या अखेरीस सुरू झाली. मला ही फार शहाणपणाची योजना वाटते, कारण जाळे म्हणजे त्या घराची कमाई असते.

डुगाँग ही समुद्री गाय व्हेलसारखीच जमिनीवरून समुद्रात गेली, पण वेगळ्या घराण्यातून. तिचे नाते हत्तीशी आहे. कच्छच्या खडकांत व्हेलबरोबर तिच्या पूर्वजांचीही हाडे मिळतात. समुद्री कासवे तर अंड्यांसाठी आजही वाळूवर येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून ऑलिव्ह रिडलेची घरटी राखायला सुरुवात केली, ते काम आता कोकणभर पसरले आहे.

'व्हेलची उलटी' म्हणजे काय?

वर्तमानपत्रांत हिच्या तस्करीच्या बातम्या वारंवार येतात. हा पदार्थ म्हणजे अंबरग्रीस. स्पर्म व्हेल माखले खातो. माखल्यांच्या कठीण चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती आतड्यात मेणासारखा थर साचतो आणि तो बहुधा विष्ठेबरोबर बाहेर पडतो. उलटी हे लोकांनी दिलेले नाव. सुगंधी द्रव्यांत त्याचा वापर होई. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. किनाऱ्यावर असा गोळा मिळाला तर वन विभागाला कळवावे. कोट्यवधी रुपयांच्या आमिषाला बळी पडून साध्या घरांतली तरुण मुले कोठडीत जातात, हे थांबायला हवे.

चंदीगडच्या सर्वांत जवळचा व्हेलचा जिवंत नातेवाईक

तो समुद्रात नाही, नदीत आहे. पंजाबमधल्या बियास नदीत सिंधू नदीचा डॉल्फिन राहतो. स्थानिक लोक त्याला भुलण म्हणतात. भारतातून तो संपला असे धरले जात असताना 2007 मध्ये हरिकेजवळ तो पुन्हा आढळला. 2019 मध्ये पंजाबने त्याला राज्याचा जलचर घोषित केले. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसल्याने त्याच्या डोळ्यांत भिंगही उरलेले नाही. तो आवाज सोडतो आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो. मार्च 2025 मध्ये देशातल्या नदी डॉल्फिनची गणना जाहीर झाली. एकूण 6,327, आणि त्यांपैकी बियासमधले फक्त 3. चंदीगडपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, सुबाथूच्या व्हेलांचे हे भारतातले शेवटचे सिंधूवासी आप्त आहेत. पाकिस्तानात सिंधूमध्ये त्यांची संख्या बरीच बरी आहे.

किनाऱ्यावर आलेला व्हेल का मरतो?

जून 2015 मध्ये रायगड जिल्ह्यातल्या रेवदंड्याला 40 फुटांहून लांब निळा व्हेल जिवंत किनाऱ्याला लागला आणि तिथेच मेला. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याला व्हेलचे पिल्लू अडकले. वन विभाग, पशुवैद्य, ग्रामस्थ रात्रंदिवस झटले, त्याला समुद्रात नेलेही, तरी ते वाचले नाही.

फुप्फुसे असलेला प्राणी हवेत मरतो, याचे कारण त्याचे वजन. पाण्याने उचलून धरलेले शरीर वाळूवर आले की स्वतःच्याच भाराखाली फुप्फुसे आणि स्नायू चिरडतात. त्वचेखालच्या चरबीच्या जाड थरामुळे उष्णता बाहेर पडत नाही आणि अंग आतून तापते. भरतीचे पाणी नाकपुडीत शिरले तर तो बुडून मरतो. किनाऱ्याला तो लागतो त्याची कारणे वेगवेगळी असतात. आजार, जाळ्यात गुरफटणे, जहाजाची धडक, पिलाची आईशी चुकामूक. पिल्लू दुधावरचे असेल तर त्याला समुद्रात सोडूनही उपयोग नसतो, आई जवळ असावी लागते.

असा प्राणी दिसला तर आधी वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. शेपटीला दोर बांधून ओढू नका, त्याने कणा आणि स्नायू फाटतात. गर्दी दूर ठेवा, कुत्री हाकला. अंगावर ओल्या चादरी टाका, सावली करा, समुद्राचे पाणी हळूहळू ओतत राहा. डोक्यावरची नाकपुडी मात्र उघडी ठेवा, तिच्यावर ना कापड येऊ द्या, ना पाणी, ना वाळू.